आरएफ पॉवर अँप्लिफायर चिपची इम्पीडन्स जुळणी: ८६६ मेगाहर्ट्झच्या एक वॅट बोर्डावरून नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

परवानामुक्त ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालणारा छोटा प्रेषक मी पहिल्यांदा बनवला, तेव्हा पॉवर अँप्लिफायर चिपच्या आउटपुटपासून अँटेनाच्या कनेक्टरपर्यंत ५० ओहमची देखणी ट्रेस (बोर्डावरची तांब्याची पट्टी) ओढली, उत्पादकाच्या इव्हॅल्युएशन (नमुना) बोर्डाच्या आकृतीत होते तेच इंडक्टर आणि कपॅसिटर तिच्यावर बसवले आणि एक वॅट मिळण्याची वाट पाहत बसले. अर्धा वॅटही मिळाला नाही आणि चिपवर बोट ठेववेना. चिप निर्दोष होती, भागांची मूल्येही आकृतीप्रमाणेच होती. चूक कळायला तीन आठवडे लागले आणि ती एका वाक्यात सांगता येते: या वारंवारतेला जुळणीचे जाळे (चिपला अँटेनाच्या ५० ओहमऐवजी हवा तो भार दाखवणारी जोडणी) म्हणजे केवळ विकत आणलेले भाग नव्हेत, तर चिपच्या पायापासून कनेक्टरपर्यंतचे सगळे तांबे त्या जाळ्यात मोडते. हे तीन आठवडे तुमचे वाचावेत म्हणून मी चाललेली वाट येथे क्रमाने मांडली आहे. उदाहरण एकच घेतले आहे: ५ व्होल्टवर चालणारी, १ वॅट देणारी चिप आणि ८६६ मेगाहर्ट्झ. तुमची चिप वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

कागदपत्रांपैकी चार गोष्टी आधी गोळा करा.

- चिपची संपूर्ण डेटाशीट. पहिल्या पानाचा सारांश पुरेसा नाही.
- इव्हॅल्युएशन बोर्डाची आकृती, भागांची यादी आणि शक्य असल्यास त्याच्या गर्बर फाइली (बोर्डावरच्या तांब्याचे आराखडे).
- तुमचा बोर्ड जो कारखाना करणार आहे त्याच्याकडील थरांची माहिती: कोणता थर किती जाड आहे आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक किती आहे.
- इंडक्टर आणि कपॅसिटर यांच्या नेमक्या मालिकेच्या एस-पॅरामीटर फाइली (प्रत्येक वारंवारतेला भाग कसा वागतो याची मोजणी). नामवंत उत्पादक त्या मोफत देतात.

साधनांमध्ये व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर (इम्पीडन्स, म्हणजे एसी धारेला होणारा एकूण विरोध, मोजणारे यंत्र) हे सर्वांत महत्त्वाचे. त्याचा छोटा प्रकार नॅनोव्हीएनए स्वस्त आहे आणि शिकायला उत्तम आहे; पण त्याची मूळ आवृत्ती ९०० मेगाहर्ट्झपर्यंतच जाते आणि ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिकच्या (मूळ वारंवारतेच्या पटीतील लहरींच्या) आधाराने मोजते, त्यामुळे ८६६ ला ती अगदी काठावर असते. जमत असेल तर ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी आवृत्ती घ्या, कारण पुढे हार्मोनिकही पाहावे लागतात. याशिवाय धारेची मर्यादा लावता येणारा वीजपुरवठा, किमान ५ वॅट सोसणारा ३० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात घटवणारा भाग), स्पेक्ट्रम अॅनालायझर किंवा पॉवर मीटर, सिग्नल जनरेटर, हॉट एअर, बारीक चिमटा आणि पातळ सेमी-रिजिड कोअॅक्सचे काही तुकडे लागतील.

१. तुमची अट आधी कागदावर लिहा

वारंवारता, शक्ती, पुरवठ्याचे व्होल्टेज आणि सिग्नलचा प्रकार या चार गोष्टी ठरल्याशिवाय जुळणीला हात घालू नये. भारतात या पट्ट्यासाठी २००५ च्या नियमांनी प्रेषकाची शक्ती कमाल १ वॅट, प्रभावी प्रारित शक्ती कमाल ४ वॅट आणि कॅरिअरची रुंदी २०० किलोहर्ट्झ अशी मर्यादा घातली. लोरावॅन या सेन्सरांसाठीच्या वायरलेस जाळ्याच्या भारतीय योजनेतील तीन मूळ वाहिन्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झला आहेत. पट्टा इतका अरुंद आहे की मध्यबिंदू ८६६ धरून एकाच वारंवारतेला जुळणी केली तरी चालते.

सिग्नलचा प्रकार लिहायला बरेच जण विसरतात. लोरा किंवा एफएसके (वारंवारता बदलून माहिती पाठवण्याच्या पद्धती) यांच्या सिग्नलची उंची कायम तेवढीच राहते, म्हणून चिप संपृक्त अवस्थेत, म्हणजे कमाल शक्तीला, चालवता येते. सिग्नलची उंची सतत बदलत असेल, जशी एलटीईमध्ये बदलते, तर चिपला कमाल शक्तीच्या बरेच खाली चालवावे लागते आणि तिच्यासाठी योग्य असलेला भारही वेगळा निघतो. हा लेख पहिल्या प्रकारापुरता आहे.

२. चिपला कोणता भार हवा आहे, ते स्वतः काढून पाहा

महाविद्यालयात आपण शिकतो की स्रोताच्या इम्पीडन्सचा संयुग्म (रोध तोच, पण रिॲक्टन्सचे चिन्ह उलट) भार जोडला की सर्वाधिक शक्ती मिळते. पॉवर अँप्लिफायरच्या आउटपुटला हा नियम लावणे, ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक होय. त्या प्रमेयात स्रोताच्या व्होल्टेजवर आणि धारेवर कोणतीही मर्यादा गृहीत धरलेली नाही, आणि ट्रान्झिस्टरवर तर दोन्ही मर्यादा कडक असतात. म्हणून छोट्या सिग्नलला मोजलेला एस-२२ (आउटपुटवरून किती सिग्नल परततो त्याचे माप) पाहून आउटपुटची जुळणी करू नका. त्याने छोट्या सिग्नलची वाढ (गेन) उत्तम मिळेल, शक्ती मिळणार नाही.

योग्य विचार असा आहे. ट्रान्झिस्टरचा कलेक्टर (आउटपुटचा पाय) चोकमधून, म्हणजे डीसी जाऊ देणाऱ्या आणि आरएफ अडवणाऱ्या इंडक्टरमधून, ५ व्होल्टला जोडलेला असतो, त्यामुळे त्याच्यावरील व्होल्टेज पाचच्या दोन्ही बाजूंना झुलते: खाली जेमतेम अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि वर साडेनऊपर्यंत. म्हणजे झोका ४.५ व्होल्टचा. भाराचा रोध काढण्यासाठी या झोक्याच्या वर्गाला शक्तीच्या दुपटीने भागायचे. ४.५ चा वर्ग २०.२५, त्याला २ ने भागले की सुमारे १० ओहम मिळतात. अँटेना ५० ओहमची असली, तरी चिपला तिच्या जागी १० ओहम दिसले पाहिजेत. जुळणीच्या जाळ्याचे काम एवढेच आहे.

याच सूत्राने मोबाइलच्या जुन्या जीएसएम चिपचा हिशेब करून पाहा. २ वॅट, सुमारे ३.३ व्होल्टचा पुरवठा आणि ०.३ व्होल्टचा उंबरठा (ज्याच्या खाली व्होल्टेज उतरत नाही) धरला तर भार २.२५ ओहम निघतो. इतक्या खाली बोर्डावरचा प्रत्येक मिलिमीटर महागात पडतो, आणि म्हणूनच अशा चिपांची बरीचशी जुळणी पॅकेजच्या आतच केलेली असते. तुमच्या चिपच्या डेटाशीटवर 'आत ५० ओहमला जुळवलेली' असे लिहिले असेल तर बाकीचा लेख सोडून पायरी ५, ६ आणि १० तेवढ्या वाचा.

३. डेटाशीटमधील चिन्ह तपासा

आपण काढलेले १० ओहम हा ट्रान्झिस्टरच्या मुळाशी असलेला केवळ रोध आहे. ट्रान्झिस्टरची स्वतःची कपॅसिटन्स आणि पॅकेजचे इंडक्टन्स मध्ये येत असल्यामुळे पायाजवळ हवा असलेला भार थोडा वेगळा असतो, आणि उत्पादक तो प्रत्यक्ष लोड-पुल (वेगवेगळे भार लावून पाहण्याच्या) मोजणीने काढून डेटाशीटमध्ये देतो. आपल्या उदाहरणात तो १० + जे४ ओहम आहे असे धरू: १० हा रोध आणि जे पुढचे ४ हा रिॲक्टन्स, म्हणजे इंडक्टर-कपॅसिटरमुळे होणारा विरोध.

येथे एक सापळा आहे. काही उत्पादक 'चिपला दिसायला हवा तो भार' देतात, तर काही 'चिपचा इम्पीडन्स' या नावाखाली त्याचा संयुग्म, म्हणजे १० − जे४ देतात. तक्त्याच्या डोक्यावरचे नाव, शेजारची छोटी आकृती आणि बाणाची दिशा, या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. चिन्ह चुकले तर इंडक्टरचे मूल्य ४.४ ऐवजी २.९ नॅनोहेन्री येते. ते कसे, ते पुढच्या पायरीत दिसेल. खात्री होत नसेल तर इव्हॅल्युएशन बोर्डाचे जाळे सिम्युलेटरमध्ये ट्रेसच्या लांबीसह उभे करा आणि चिपच्या पायापासून अँटेनाकडे पाहताना कोणता इम्पीडन्स दिसतो ते काढा. तो आकडा तक्त्यातल्यासारखाच आला तर तक्ता भाराचा आहे. फक्त चिन्ह उलट आले तर संयुग्माचा.

४. जाळे निवडा आणि मूल्ये काढा

१० चे ५० करायला एक इंडक्टर आणि एक कपॅसिटर असलेले एल-आकाराचे जाळे पुरते. चिपकडून निघालेल्या ट्रेसमध्ये इंडक्टर ओळीने जोडायचा आणि ५० ओहमच्या बाजूला कपॅसिटर ग्राउंडला जोडायचा. याची उलट मांडणीही गणिताने चालते, पण ही मांडणी उच्च वारंवारता अडवते, त्यामुळे हार्मोनिक थोडे कमी होतात.

हिशेब असा आहे. ५० भागिले १० म्हणजे ५. त्यातून १ वजा करून वर्गमूळ घेतले की जाळ्याचा क्यू (रिॲक्टन्स आणि रोध यांचे गुणोत्तर) २ येतो. इंडक्टरचा रिॲक्टन्स १० गुणिले २, म्हणजे २० ओहम. चिपला आणखी जे४ हवे आहे, ते याच इंडक्टरमध्ये मिळवले की २४ ओहम. कपॅसिटरचा रिॲक्टन्स ५० भागिले २, म्हणजे २५ ओहम. ८६६ मेगाहर्ट्झला २४ ओहम म्हणजे ४.४ नॅनोहेन्री आणि २५ ओहम म्हणजे ७.३५ पिकोफॅरड. चिन्ह उलट वाचले असते तर इंडक्टरला २० वजा ४, म्हणजे १६ ओहम लागले असते. मागच्या पायरीतले २.९ नॅनोहेन्री तेथून आले.

कपॅसिटर वाढला तर चिपला दिसणारा रोध कमी होतो आणि रिॲक्टन्सही जरासा हलतो. इंडक्टर बदलला तर फक्त रिॲक्टन्स बदलतो. म्हणून जुळवताना आधी कपॅसिटरने रोध १० वर आणायचा आणि मग इंडक्टरने रिॲक्टन्स ४ वर आणायचा. हा क्रम उलटा केला की माणूस गोल गोल फिरत राहतो. १९३९ साली फिलिप स्मिथ यांनी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यावर (स्मिथ चार्टवर) हे दोन्ही प्रवास एकदा हाताने काढून पाहा. सॉफ्टवेअर ते क्षणात काढते, पण हाताने काढले की कोणता भाग कोणत्या बाजूला ओढतो हे लक्षात राहते.

दोन टप्प्यांचे जाळे केले तर मधला बिंदू १० आणि ५० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे २२.४ ओहम धरतात आणि प्रत्येक टप्प्याचा क्यू १.१ पर्यंत उतरतो. रुंद पट्ट्याला किंवा २-३ ओहमच्या भाराला ते आवश्यकच आहे. १० ओहमसाठी मी एकच टप्पा ठेवते, कारण भाग जितके जास्त, तितकी चुकायला जागा जास्त.

५. ट्रेस आणि व्हाया यांचाही हिशेब करा

माझे तीन आठवडे याच पायरीवर गेले, म्हणून येथे थोडे थांबते.

एफआर-४ (बोर्डाचे नेहमीचे फायबरग्लास साहित्य) वरील ५० ओहमच्या ट्रेसचे इंडक्टन्स दर मिलिमीटरला सुमारे ०.३ नॅनोहेन्री असते. चिप आणि इंडक्टर यांच्यात ६ मिलिमीटर अंतर असेल तर १.८ नॅनोहेन्री, म्हणजे जवळजवळ १० ओहम, फुकटात वाढतात. ५० ओहमच्या जगात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. १० ओहमच्या बाजूला मात्र ते हव्या असलेल्या रोधाइतकेच मोठे आहे.

व्हायाचा, म्हणजे बोर्डाचे थर जोडणाऱ्या तांबे चढवलेल्या छिद्राचा, प्रश्न याहून फसवा आहे. १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन थरांच्या बोर्डात ०.३ मिलिमीटर व्यासाच्या एका व्हायाचे इंडक्टन्स सुमारे १.३ नॅनोहेन्री भरते, म्हणजे ७ ओहम. कपॅसिटर या व्हायातून ग्राउंडला जातो. कपॅसिटरचा आणि इंडक्टन्सचा रिॲक्टन्स विरुद्ध चिन्हांचा असल्यामुळे २५ मधून ७ वजा होऊन १८ ओहम उरतात, आणि ७.३५ पिकोफॅरडचा कपॅसिटर १० पिकोफॅरडसारखा वागू लागतो. ग्राउंडचा रस्ता वाईट असला की कपॅसिटर कमी पडेल असे वाटते. प्रत्यक्षात तो जास्त होतो.

माझ्या पहिल्या बोर्डात हे दोन्ही दोष होते. इव्हॅल्युएशन बोर्डावरून उचललेला ४.३ नॅनोहेन्रीचा इंडक्टर अधिक ६ मिलिमीटर ट्रेस, आणि ६.८ पिकोफॅरडचा कपॅसिटर एकाच लांब व्हायावर. हा सगळा हिशेब मांडला तर चिपला सुमारे ७ + जे१६ ओहम दिसतात. १० + जे४ च्या जागी हे मिळाल्यावर चिपने तापायचे नाही तर काय करायचे? इव्हॅल्युएशन बोर्डाची मूल्ये त्या बोर्डासाठी बरोबरच होती. त्याचे थर वेगळे, अंतरे वेगळी, व्हाया वेगळे. मी फक्त भाग उचलले आणि तांबे तेथेच सोडून आले.

दुसऱ्या बोर्डात केलेले बदल असे:

- चार थरांचा बोर्ड घेतला, ज्यात वरच्या थराखाली ०.२ मिलिमीटरवर अखंड ग्राउंड आहे. व्हाया एवढी आखूड झाली की तिचे इंडक्टन्स ०.१ नॅनोहेन्रीच्याही खाली गेले.
- इंडक्टर चिपच्या इतका जवळ आणला की ओळीतल्या सगळ्या ट्रेसचे मिळून ३ मिलिमीटर, म्हणजे ०.९ नॅनोहेन्री राहिले. ४.४ मधून ते वजा करून ३.५ उरले, म्हणून त्याच्या जवळचा ३.६ नॅनोहेन्रीचा इंडक्टर लावला.
- एका कपॅसिटरऐवजी ३.३ आणि ३.६ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर ट्रेसच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवले. दोघांचे स्वतःचे इंडक्टन्स समांतर येऊन निम्मे होते आणि पुढे बारीक फेरफार करायलाही सोपे जाते.
- कपॅसिटरच्या जागेजवळ ट्रेसवरील हिरवा मुलामा काही मिलिमीटर काढून ठेवायला कारखान्याला सांगितले. त्यामुळे कपॅसिटर ट्रेसवर मागे-पुढे सरकवता येतो, आणि अर्धा मिलिमीटर सरकवणे म्हणजे ०.१५ नॅनोहेन्रीचा फरक. एवढा बारीक फेरफार इंडक्टर न बदलता होतो.

चिपच्या पोटाखालच्या ग्राउंड पॅडलाही भरपूर व्हाया द्या. तेथून उष्णता खाली उतरते हे खरेच, पण तेथील इंडक्टन्स ट्रान्झिस्टरच्या एमिटरच्या ओळीत येते आणि चिपची वाढ खाते. जागा मावेल तेवढ्या व्हाया टाका. येथे काटकसर नको.

६. वीजपुरवठ्याचा चोक

चोकचा रिॲक्टन्स भाराच्या किमान दहापट, म्हणजे १०० ओहमपेक्षा जास्त ठेवा. ८६६ मेगाहर्ट्झला ते १८ नॅनोहेन्रीच्या वर जाते. मी २२ वापरते. कार्यक्षमता ५० टक्के धरली तर १ वॅटसाठी ५ व्होल्टवर ०.४ अँपिअर धारा चोकमधून जाईल, म्हणून त्याची धारेची क्षमता तपासा आणि त्याची स्वतःची अनुनाद वारंवारता ८६६ च्या बरीच वर आहे याची खात्री करा. चोकच्या जागी पाव तरंगलांबीची ट्रेस वापरायची असेल तर एफआर-४ वर ती सुमारे ४८ मिलिमीटर होते. छोट्या बोर्डात ती मावत नाही.

चोकच्या पुरवठ्याकडील टोकाला १०० पिकोफॅरड, १० नॅनोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड असे तीन कपॅसिटर एकाशेजारी एक, प्रत्येक ग्राउंडला जोडून द्या. पहिला चोकला अगदी चिकटून असावा. मोठे कपॅसिटर वगळले तर कमी वारंवारतेला, जेथे चिपची वाढ बरीच जास्त असते, तेथे ती स्वतःच दोलन करू लागण्याचा धोका असतो.

७. भाग विकत घेताना

ओळीतला इंडक्टर तारेच्या वेटोळ्यांचा घ्या. जाळ्याचा क्यू २ असताना इंडक्टरचा क्यू ४० असेल तर २ भागिले ४०, म्हणजे ५ टक्के शक्ती त्यातच उष्णता होते. ७५ असेल तर ३ टक्क्यांच्या आत राहते. कपॅसिटर सी-झिरो-जी प्रकारचा (तापमानाने मूल्य जवळजवळ न बदलणारा) आणि आरएफसाठी बनवलेल्या मालिकेतलाच घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्या पट्टीतले कपॅसिटर मिळतात आणि इतर कामांना ते उत्तम आहेत, पण त्या तुकड्यावर मालिकेचा क्रमांक नसेल तर त्याचा डायइलेक्ट्रिक कोणता हे तुम्हाला आणि दुकानदाराला, दोघांनाही सांगता येणार नाही. प्रत्येक मूल्याच्या शेजारची वरची आणि खालची मूल्येही मागवून ठेवा.

८. चिप न लावता जाळे मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तेथेच फसतात. एक रिकामा बोर्ड घ्या. चिप सोडून बाकी सगळे, म्हणजे चोक, त्याचे कपॅसिटर, डीसी अडवणारा कपॅसिटर आणि जाळे, बसवा. अँटेनाच्या कनेक्टरला चांगला ५० ओहमचा भार लावा. चिपच्या आउटपुटच्या पॅडवर पातळ कोअॅक्सची मधली तार आणि ग्राउंड पॅडवर तिचे बाहेरचे आवरण सोल्डर करा. पुरवठा अर्थातच बंद ठेवायचा.

उघडी राहिलेली मधली तार दर मिलिमीटरला पाऊण ते एक नॅनोहेन्री वाढवते, म्हणजे ४ ते ५ ओहम. म्हणून ती शक्य तितकी आखूड ठेवा आणि आवरणाचा जोड पॅडच्या अगदी शेजारी घ्या. अॅनालायझरचे ओपन, शॉर्ट आणि लोड यांनी होणारे कॅलिब्रेशन केबलच्या टोकापर्यंतच असते. कोअॅक्सच्या तुकड्याची लांबी पोर्ट एक्स्टेन्शनने (यंत्रातील विलंबाच्या सेटिंगने) वजा करावी लागते. त्यासाठी तुकडा बोर्डावर लावण्यापूर्वी त्याचे टोक उघडे आणि मग शॉर्ट करून पाहा, आणि दोन्ही वेळा बिंदू स्मिथच्या तक्त्याच्या योग्य टोकाला येईपर्यंत विलंब बदला.

आता ८६६ ला वाचन घ्या. दुसऱ्या बोर्डावर मला १० + जे४ च्या आसपास एक-दीड ओहमच्या फरकाने वाचन मिळाले, आणि तेथेच मी थांबले. भागांच्या मूल्यातील ५ टक्क्यांची तफावत एकटीच सव्वा ओहम हलवते. त्याहून नेमकेपणाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. वाचन फार दूर असेल तर मागचा क्रम पाळा: आधी कपॅसिटर, नंतर इंडक्टर.

९. इनपुटची बाजू

येथे महाविद्यालयातला संयुग्माचा नियम खुशाल लावा. बऱ्याच चिपांचे इनपुट आधीच ५० ओहमच्या जवळ असते. नसेल तर चिप नेहमीच्या बायसवर (कामाच्या ठरावीक डीसी स्थितीत) आणि आउटपुटला योग्य भार लावून मोजा, कारण आउटपुटचा भार बदलला की इनपुटही थोडे बदलते. आउटपुटचे काम पूर्ण झाल्यावरच इनपुटला हात लावावा.

१०. चिप लावून पहिल्यांदा चालू करताना

आउटपुटला ३० डेसिबलचा अटेन्युएटर जोडल्याशिवाय पुरवठा चालू करू नका. भार नसला तर परावर्तित लाटेमुळे कलेक्टरवरील व्होल्टेज नेहमीच्या साडेनऊ-दहाच्याही वर जाऊ शकते आणि चिप एका क्षणात मरते. केबलचे आणि अटेन्युएटरचे नुकसान आधीच मोजून लिहून ठेवा. केबलमध्ये पाऊण डेसिबल गेला आणि दोष चिपला मिळाला, असे घडायला वेळ लागत नाही.

धारेची मर्यादा ०.६ अँपिअर ठेवा. आधी सिग्नल न देता विश्रामधारा डेटाशीटशी जुळते का ते पाहा आणि स्पेक्ट्रम अॅनालायझरवर शून्याजवळून ३ गिगाहर्ट्झपर्यंत नजर फिरवा. सिग्नल नसताना काहीही दिसले तर ते दोलन आहे; पायरी ६ कडे परत जा. सगळे शांत असेल तर कमी पातळीपासून सिग्नल एकेक डेसिबलने वाढवा आणि प्रत्येक वेळी शक्ती आणि धारा दोन्ही लिहा. ३० डेसिबल अटेन्युएटरनंतर शून्य डीबीएम (१ मिलिवॅट) दिसले की आउटपुटला १ वॅट आहे.

एकट्या शक्तीच्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही, धारेसह वाचला की कळते. शक्ती लवकर अडली, पण धाराही कमी आणि कार्यक्षमता चांगली असेल, तर चिपला दिसणारा रोध जास्त आहे, कपॅसिटर थोडा वाढवा. धारा भरपूर, चिप गरम आणि शक्ती वाढत नसेल, तर रोध कमी आहे किंवा रिॲक्टन्स चुकला आहे. आधी कपॅसिटर सरकवून पाहा. एका वेळी एकच भाग बदला आणि आधीचे वाचन खोडू नका.

याच वेळी १७३२ आणि २५९८ मेगाहर्ट्झचे हार्मोनिक पाहून घ्या. एका एल-जाळ्याने ते पुरेसे दबतील असे गृहीत धरू नका. जाळ्यानंतर ५० ओहमच्या भागात लो-पास फिल्टरसाठी बोर्डावर जागा ठेवा. फिल्टर लावल्यावर मूळ शक्ती पुन्हा मोजा, कारण हार्मोनिकच्या वारंवारतेला तो चिपसमोर वेगळा भार उभा करतो आणि त्याने कार्यक्षमता थोडी वर-खाली होते.

११. अँटेना जोडल्यावर

टेबलावर १ वॅट देणारा बोर्ड डब्यात गेल्यावर पाऊण देतो, याचे कारण बहुधा अँटेना असते. प्लास्टिकचे आवरण, बॅटरी आणि भिंत जवळ आली की अँटेनाची अनुनाद वारंवारता खाली सरकते. स्टँडिंग वेव्ह रेशो (अँटेना ५० ओहमपासून किती दूर आहे याचे माप) २ असेल तर ११ टक्के शक्ती परत फिरते, ३ असेल तर २५ टक्के. पण परत फिरलेल्या शक्तीपेक्षा मोठा त्रास हा की जाळ्यापुढे आता ५० ओहम नाहीत आणि चिपला १० + जे४ दिसत नाही. म्हणून अँटेनाची जुळणी डबा बंद करून, बॅटरीसह आणि उपकरण जसे बसवले जाणार आहे तशा स्थितीत करा, आणि चिपच्या जुळणीपासून ती पूर्ण वेगळी ठेवा. अँटेनाचा दोष चिपकडच्या कपॅसिटरने भरून काढायचा मोह होतो. तसे केले की पुढच्या खेपेला अँटेना बदलताच सगळा बोर्ड पुन्हा जुळवावा लागतो.

उपकरण विकायचे असेल तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल घ्यावे लागते आणि त्यासोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आरएफ चाचणी अहवाल जोडावा लागतो. प्रयोगशाळेत जाताना जुळणी पूर्ण झालेले दोन बोर्ड, भागांची अंतिम यादी आणि हार्मोनिकची स्वतः घेतलेली वाचने बरोबर न्या. दोन बोर्डांपैकी एकावर अँटेनाच्या जागी कनेक्टर बसवलेला असावा, कारण शक्ती आणि हार्मोनिक केबलने जोडूनही मोजले जातात.